डाव्या बाजूचा आरसा

"आहे का?"
एवढंच येतं आधी. ना नाव, ना गाव.
रात्री पावणेबाराला कूलर गुरगुरत असतो,
आणि उशीशेजारी फोन उजळतो : आहे का?
मी लिहिते : आहे.
मग शांतता.
जणू त्याला फक्त एवढीच खात्री हवी होती
की जगात कुठेतरी काहीतरी आहे.

काही जण थेट येतात : "लास्ट किती?"
पहिला तरी सांगू दे बाबा,
शेवटचा कुठून आणू?

सगळे मला भाऊ म्हणतात, कधी सर.
खात्यावर नाव खापेकर स्पेअर्स,
फोटोत मी नाही, एक कार्बोरेटर आहे.
मी दुरुस्त करत नाही.
बाई आहे कळलं की भाव दोनशेनं उतरतो
आणि वरून प्रश्न :
तुम्हाला कळतं का पण यातलं?
कामठी रोडच्या या शेडमध्ये बावीस वर्षं झाली,
आट्यांवरून बोट फिरवून सांगते
बोल्ट दहाचा की बाराचा.

तडा असेल तर तडा दाखवायचा,
शेजारी रुपया ठेवून.
फोटो उन्हात काढायचा.
"थोडा स्क्रॅच" असं लिहायचं नाही,
थोडं म्हणजे किती
हे घरोघरी वेगळं असतं.
आणि शब्द दिला की माल त्याचा.

हा मी एकदा मोडला.
सँट्रोचा अल्टरनेटर, उमरेडच्या पोराला सांगून ठेवलेला.
सकाळी वाडीचा एक जण तीनशे जास्त देऊन घेऊन गेला.
दुपारी पोरगं आलं, हातात रिकामी नायलॉनची थैली.
भांडलं असतं तर बरं झालं असतं.
"असू द्या सर," म्हणालं, मग मला बघून, "मॅडम."
थैलीची घडी केली, चौकोनी,
आणखी एक घडी,
खिशात घातली.
त्या तीनशेचं काय घेतलं आठवत नाही.

परवा मात्र मेसेज आला :
"नमस्कार. मी सुखदेव बारापात्रे, कळमेश्वर.
झेनचा डावा आरसा पाह्यला. तडा चालते,
माही गाडीबी तेवढीच म्हातारी हाय.
उद्या अकराला आलो तं जमन का?"
मी दोनदा वाचलं.
खाली पूर्णविराम होता.

अकरा वीसला फोन : "बाई, फेटरीपाशी बस पंक्चर.
थांबत नसान तं आत्ताच सांगा, परत जातो."
थांबले.
आला तेव्हा पत्र्यावर पापड भाजला असता,
डोक्याला दुपट्टा, डोळे तेवढे उघडे.
आधी माठातलं पाणी दिलं.
पाणी पोटात जाईपर्यंत पैशाची गोष्ट काढायची नाही,
हे कुठे लिहिलेलं नाही.

आरसा त्यानं फिरवून पाहिला,
तड्यावर नख लावलं, मान हलवली.
"साडेचारशे म्हणले तुमी.
चारशे केले तं वाईट वाटन का?"
"वाटेल," मी म्हटलं, "पण थोडं."
हसला.
सव्वाचारशेला तुटलं,
आणि पंचवीस सुटे नव्हते दोघांकडेही,
म्हणून शेजारच्या टपरीवर चहा झाला
आणि वरचे पाच कुणाचे
यावर पुन्हा थोडी झकझक.

जुना माल विकताना
खालच्या आवाजात सांगायची एक गोष्ट असते :
हा जिथून काढला त्या गाडीचं काय झालं.
त्यानं विचारलं. मी सांगितलं.
ते इथे लिहीत नाही.

चार दिवसांनी एक फोटो आला.
काचेत कळमेश्वरचा रस्ता, एक बैलजोडी, त्याचा अर्धा अंगठा,
आणि तडा होता तिथेच.
"बसला. कळवाव वाटलं."

पैसे मिळाल्यावर कोणी कळवत नाही.
माल मिळाल्यावर तर नाहीच.

जाहिरातीवर "विकला" असं टाकलं,
कूलरमध्ये पाणी ओतलं, आडवी झाले.
पावणेबारा.
आहे का?
नाही, मी लिहिलं. नमस्कार. कळमेश्वरला गेला.
बराच वेळ तीन टिंबं नाचत राहिली.
मग :
"नमस्कार भाऊ. उजवा?"