दोर पुरला नाही

तीनशे बारा विहिरी मी सकाळी अकराला नकाशावर चढवल्या
आणि नागपुरात एकही दिसली नाही.
महाल रिकामा, पाचपावली रिकामी,
गड्डीगोदामात नुसते रस्ते.
खाली हिरव्या पट्टीत मात्र लिहून आलं :
सर्व ओळी यशस्वीरीत्या आयात.

यशस्वी म्हटल्यावर शोधणं आलं.
माऊसचं चाक फिरवत जग लहान करत गेले,
शहर गेलं, विदर्भ गेला, देश मुठीएवढा झाला,
मग सापडल्या, पार वर,
उत्तर ध्रुवाजवळच्या बेटांवर, बर्फात,
आमच्या विहिरी एकमेकींना चिकटून.

अक्षांशाच्या रकान्यात रेखांश. बस, इतकंच.
एकवीस आणि एकोणऐंशीनं जागा बदलल्या
की सक्करदरा ध्रुवावर जातो.
बाहेर शेहेचाळीस डिग्री. कूलरचं पाणी संपत आलेलं,
वाळ्याचा वास तेवढा उरलेला.
खरं सांगते, दोन मिनिटं मी त्यांना तिथंच राहू दिलं.

त्याआधी नावांची गत झाली होती.
फाईल उघडली तर जिथं तिथं प्रश्नचिन्हं,
मालक प्रश्नचिन्ह, मोहल्ला प्रश्नचिन्ह.
एन्कोडिंग बदललं, तशी अक्षरं एकेक करून परतली
आणि कळलं, इतवारी पाच तऱ्हांनी लिहिली आहे.
एक ठेवली. चार खोडताना
उगाच वाटलं, कुणाची तरी बोली खोडते आहे.

खोली : मीटरमध्ये, संख्या.
असं मी रकान्याला बजावून ठेवलेलं.
पण मोजणीला होते यादवराव हेडाऊ, तांडापेठेचे,
माग बंद पडल्यावर पंपदुरुस्तीत आलेले,
त्यांनी एकशे सत्तेचाळिसाव्या ओळीत लिहिलं,
दोर पुरला नाही.

चौकोन लाल झाला. संख्या अपेक्षित.
फोन लावला.
काका, किती खोल होती?
"पुरला असता तं लिवलं नसतं का, पोरी?"
अंदाजे सांगा.
"अंदाज कायचा? गोटा टाकला मी.
आवाजच नाई आला ना बाप्पा."

शून्य टाकलं तर ती जमिनीइतकी उथळ.
रिकामं सोडलं तर आलेख तिला मोजतच नाही.
मग नवा रकाना जोडला, प्रकार मजकूर, नाव शेरा,
आणि काकांचं वाक्य उचलून तिथं ठेवलं.
एकदा जागा झाल्यावर बाकीचेही आले,
इतके दिवस खोलीत, मालकीत, कुठेही कोंबलेले :
पाणी गोड.
कुलूप आहे, किल्ली मशिदीत.
वर आता जिम.
बाई म्हणाली, फोटो नका काढू, सासू पडली होती हिच्यात.
अर्धी गजभियेंची, अर्धी शेजाऱ्याची, भिंत मधोमध.

चारला ननावरे मॅडम आल्या, उभ्या उभ्या म्हणाल्या,
चालू तेवढ्याच दाखव, मीटिंगला सुटसुटीत हवं.
गाळणी लावली. एकेचाळीस निळे ठिपके उरले.
छान, म्हणाल्या.
बाकीच्या गेल्या नाहीत हो, फक्त दिसत नाहीत,
हे मी सांगणार होते, तोवर त्या फोनवर होत्या.

संध्याकाळी मोजल्या, तर शहरात तीनशे अकराच.

शाळेत घोकलेलं, शून्य मैलाचा दगड आपल्याकडे आहे,
इथून सगळं मोजतात.
या नकाशाचं शून्य आफ्रिकेच्या बगलेत, भर समुद्रात,
ज्यांना पत्ता नाही ते तिथं जातात.
तिथं होती ती, दोनशे चौदावी.
अक्षांश नाही, रेखांश नाही. खोली नाही.
शेऱ्यात काकांचं अक्षर टाइप केलेलं :
लहानपणी इथं पोहलो. पुलाचे खांब आले तवापासून सापडत नाही.

पुसायची का, असं यंत्रानं दोनदा विचारलं.
मी खिडकी बंद केली.
चारी बाजूंनी खारं पाणी,
आणि मधे आमची एक विहीर.