आडवी रेघ

सातपूरला, रंगखात्याच्या माडीवर,
एसीच्या एकाच झोतात दोन मशिनं.
उगलमुगले सरांनी त्यांना नावं ठेवली होती
(दोन्ही अर्थांनी):
दारणा आणि वालदेवी.

दोघींचं मूळ एकच, युनिक्स.
दारणा बीएसडीकडे वाढली,
वालदेवी सिस्टीम फाइव्हकडे.
पासवर्ड टाकताना अक्षरं न दाखवण्याची रीत सारखी,
आणि अठ्ठेचाळीस जणांना एकाच वेळी
‘मशीन तुझंच’ असं भासवण्याची हातोटीही.
गेटवरचा ठुबे, स्टोअर्सचा शिरसाठ,
पगारपत्रकवाल्या आहेरबाई
एका प्रोसेसरवर नांदायचे,
कोणाच्या घरात कोणी डोकवायचं नाही.

फरक विचाराल तर
पीएस म्हटल्यावर दारणेला पुढे नुसतं एयूएक्स चालायचं,
वालदेवीला आधी आडवी रेघ, मग ईएफ.
बोटांना आठवड्यात सवय होते.
सिन्नरच्या आत्याकडे चहा मागून घ्यायचा,
कळवणच्या मावशीकडे नको म्हणायचं,
मिळतो दोन्हीकडे.

डिसेंबर होता, तिसरी पाळी.
वालदेवीवर एक रिपोर्ट अडकून बसला.
किलऑलची रीत नेमकी आठवेना.
दारणेवर अशा वेळी नुसता शब्द लिहून
एन्टर मारायचे मी;
ती निमूट विचारायची, कोणाला?
नाव घेतलं तेवढाच जायचा.

वालदेवीने विचारलं नाही.
तिच्या बोलीत किलऑल म्हणजे
सगळे.

रिपोर्ट गेला. ठुबेची ट्रकनोंद गेली.
आहेरबाईंचं अर्धं पगारपत्रक.
शेवटी माझंच लॉगिन.
खाली कन्व्हेयर तेवढा चालू होता,
त्याला कोणाचीच ओळख लागत नसे.

पंचवटीहून सर स्कूटरवर आले,
कानटोपी न काढताच टेप लावली.
रागावले असते तर बरं झालं असतं.
पहाटे खाली जाऊन
रंगखात्यातून लाल ऑइलपेंट आणला
आणि वालदेवीच्या कीबोर्डवर, वरच्या कडेला,
एक आडवी रेघ ओढली.
जरा वाकडी आली. हात गारठले होते.

दोघीही पुढे भंगारात गेल्या, एकाच टेम्पोतून.
तो कीबोर्ड मी मागून घेतला;
कशालाच जोडता येत नाही.

अजून अनोळखी मशीनसमोर बसले
की आधी यूनेम लिहिते.
बाई गं,
तू कोणाकडची?