डावा खांदा

वान्नेसने कोट माझ्या अंगावर चढवला
आणि म्हणाला, हलू नकोस.
ओठांत सात टाचण्या,
त्यामुळे शब्द गाळणीतून आल्यासारखे.

कोट डावीकडे ढळत होता.
माप चुकलंय, मी म्हणालो.
चुकलेलं नाही, घेतलेलं आहे.
दोन बोटं खाली. मुद्दाम.

त्याचा बाप गेरोल्फ,
एकतीस वर्षं ओस्टेंडच्या धक्क्यावर
मासळीची खोकी उतरवणारा, कायम याच खांद्यावर.
रविवारी चर्चमध्येसुद्धा तो असा उभा राहायचा
की कुणीतरी खोकं ठेवायला विसरलंय.

आठ पोशाख. पदवीचा शेवटचा आठवडा, अँटवर्प.
जाळी नको, मेणकापड नको,
समुद्रातलं काहीच नको म्हणाला;
राखाडी लोकर, बँकेत शोभेल अशी.
कापडाचे पैसे गोदलीव आत्याचे,
नव्या कवळीसाठी बाजूला ठेवलेले.
(मी दंतवैद्यकाच्या तिसऱ्या वर्षाला.
चालण्याचे तासाला वीस युरो मिळतात.
ते घेताना हात जरा अडखळला.)

परीक्षकांनी शेरा दिला: तोल साधावा.
वान्नेसने तो कागद घडी करून
माझ्या कोटाच्या अस्तरात शिवून टाकला.
चालताना बरगडीपाशी कुरकुरायचा.

गोदामात दिवे लागले तेव्हा
पहिली पाच-सहा पावलं कोट माझ्याशी भांडला.
मग, कुणी न सांगता,
माझाच खांदा उतरला,
मान किंचित उजवीकडे गेली,
जसं कानाशी काहीतरी ओलं, थंड टेकावं.
इतकं जड कापड नव्हतं ते.

नंतर एका दुकानदार बाईने विचारलं,
हा सरळ करून मिळेल का?
वान्नेस म्हणाला, नाही. आणि मग,
भाडं आठवून असेल,
बघतो.

गेरोल्फ सगळ्यांच्या मागून आला.
टाळ्या त्याने वाजवल्या नव्हत्या, मी पाहत होतो;
हात मांड्यांखाली दाबून बसला होता.
मुलाकडे न बघता माझ्यासमोर उभा राहिला,
आम्ही दोघे एकाच बाजूला कललेले.
कॉलरवरचा एक धागा चिमटीत धरून काढला,
खिशात ठेवला.
म्हणाला, पोरा,
मधूनमधून दुसऱ्या खांद्यावर घेत जा.

वान्नेस जमिनीवर टाचण्या शोधत होता.
बराच वेळ शोधत होता.