उतारावर

वाल्पाराइसोत, आमच्या टेकडीवर,
सपाट म्हणावी अशी एकच जागा आहे:
आमचं जेवणाचं टेबल.
तेही एका पायाखाली जुनी टेलिफोन डिरेक्टरी सारल्यावर.

लग्नानंतर घर घेतलं तेव्हा हिमेना म्हणाली, काय देखावा आहे!
खाली बंदर, बोटी, क्रेनांच्या लांब माना.
पोरं झाल्यावर कळलं,
देखावा म्हणजे
घरातल्या वस्तू जिथं जाऊन थांबतात ती जागा.

बाल्तासारनं पहिला चमचा सोडला तेव्हा तो सात महिन्यांचा होता.
चमचा दारातून गेला, पायऱ्या वाजवत,
निळ्या भिंतीपाशी व्यवस्थित वळला
आणि ओर्तेन्सियाबाईंच्या कुत्र्यानं तो जप्त केला.
पोरगं खदखदून हसलं.
मी चमचा आणला.
त्यानं सोडला.
मी आणला.
असं दोघांनी मिळून गुरुत्वाकर्षण शिकून घेतलं;
तो हातांनी, मी गुडघ्यांनी.

आता तो पाच वर्षांचा, रायेन तीनची.
खाली गेलेल्या मालाची यादी फ्रिजवर आहे.
डावे बूट चार
(उजवे का जात नाहीत, यावर घरात मतभेद आहेत).
कलिंगड एक, अख्खं. पोचलं तेव्हा अख्खं नव्हतं.
वाटाणे. मोजदाद सोडून दिली.
आणि सासऱ्यांची कवळी,
कारण रायेनला बघायचं होतं ती चालते का.
चालली.
बेकरीपर्यंत.

माझी नोकरी टेकडीच्या लिफ्टवर.
दिवसभर माणसं वर, माणसं खाली,
दांडा ओढला की डबा जागच्या जागी उभा.
बावीस वर्षांत एकदाही चूक नाही, साहेबांनी तसं लिहून दिलंय.
ते सर्टिफिकेट मी रायेनला दाखवलं.
तिनं त्याचं विमान केलं.

सकाळी सात चाळीस.
"बूट घातलेस?"
"घातला."
"आणि दुसरा?"
"तो पुढे गेलाय."
"कुठे पुढे?"
"शाळेत," बाल्तासार म्हणतो,
उशीर बुटामुळे नाही, माझ्या प्रश्नांमुळे होतोय अशा सुरात.

मग एका पायावर उड्या मारत आमची वरात निघते.
पहिल्या वळणावर न्हावी आल्बोर्नोस टोपी घेऊन उभा,
तोंडात कंगवा, म्हणून नुसती मान हलवतो.
पुढे ओर्तेन्सियाबाई डबा देतात,
डब्यात मी न ठेवलेली एक सोपाइपिया,
आणि मी न मागितलेला एक सल्ला.
("दाराला फळी लावा." लावली होती, बाई. तीही खालीच आहे.)
बेकरीवाला बूट देतो, पिठानं पांढरा झालेला,
सासऱ्यांच्या तब्येतीची चौकशी करतो
आणि हसू दाबायला भट्टीत डोकं घालतो.
घरून पोर सुटं निघतं,
शाळेच्या फाटकाशी जुळून पूर्ण होतं.
बाई म्हणतात, किती नीटनेटकं पाठवता हो!
मी काय बोलणार?
माझ्या खिशात अजून एक मोजा आहे
आणि तो आमचा नाही.

काल रायेननं मला गंभीरपणे विचारलं,
"बाबा, मी सुटले तर मीपण खालीच जाणार का?"
मी म्हटलं, मी धरलंय ना तुला.
तिनं माझा हात उलटसुलट करून तपासला,
डाव्या बुटांच्या बाबतीतलं माझं काम आठवलं असावं,
आणि म्हणाली, "आईला धरू दे."

रात्र. दोघं झोपलीत.
बंदरात एक बोट भोंगा देते, मग तीही गप्प.
हिमेना पाय लांब करते, मी चहात साखर टाकतो.
आणि अंधारात,
टक.
टक टक.
टक टक टक टक
काहीतरी पायऱ्या उतरत जातं.
आम्ही एकमेकांकडे बघतो.
कुणीच उठत नाही.
खाली कुत्रा एकदा भुंकतो.

"पोचलं," हिमेना म्हणते,
आणि दिवा मालवते.