पाव फेरा

ओताकारच्या पेटीत दोन शिलेदार होते, लिंडनच्या लाकडाचे.
एकाचं चिलखत चंदेरी, पाठ ताठ.
राक्षसाला तो तीन वारांत लोळवायचा.
मुलं तेवढ्यात चेस्टनट सोलून घ्यायची.

दुसऱ्याचा डावा गुडघा बिघडलेला.
व्लतावेला पूर आला त्या वर्षी लाकूड फुगलं,
तेव्हापासून पायरी चढताना तो अडायचा,
तलवार उपसायचा ती थेट स्वतःच्याच टोपावर.
शिवाय खोटारडा. राजकन्येला म्हणायचा, भीती मला ठाऊक नाही,
आणि वळून आम्हाला विचारायचा,
गेला का तो?

एकदा मागच्या बाकावरची यित्का खाटकीण,
नवऱ्याच्या मयतालाही जी रडली नाही म्हणतात,
उभी राहून ओरडली,
"उचल रे पाय, मेल्या, उचल!"

हिवाळ्यात ओताकारनं गुडघा बदलला.
पितळी सांधा, तेल दिलेला.
शिलेदार सरसर जिना चढला.
टाळ्या पडल्या, रीतीपुरत्या.
यित्का खेळ संपायच्या आधीच उठून गेली.

त्या रात्री दिवा धरायला मी होते.
त्यानं स्क्रू पाव फेरा सैल केला,
मग अजून जरासा,
बाहुल्याला टेबलावर चालवून पाहिलं.
अडला.
"हं," ओताकार म्हणाला, "आता आला घरी."

परतताना मी बर्फावर घसरले.
सावरले, आणि आधी पाहिलं
कुणी बघतंय का.
कुणीच नव्हतं.
मागच्या बाकावरून एक हाक
यायला हरकत नव्हती.