चौकोन सातवा

हेळवाकच्या वर, कोयनेच्या अंगाला,
जिथं अंजनी-जांभळीच्या दाट छत्रीखाली
भर बारा वाजता वही वाचायला डोळे बारीक करावे लागतात,
तिथं मी सुतळीनं दहा चौकोन आखले.
आत नेचे.
आणि जळवा; त्यांची नोंद ठेवली नाही.

प्रश्न साधा होता,
अनुदानाच्या अर्जात त्याची तीन पानं झाली:
एवढ्या आंबट मातीत, एवढ्याशा उजेडात
नेचा नत्र घेतो कुठून, कुठल्या रूपात,
आणि त्याला घाई कशी नसते.

एक उपटून पाहिला.
वर सगळा पिसारा,
खाली घोड्याच्या शेपटीसारखी काळी, राठ मुळं,
चार बोटांपलीकडे खोल न गेलेली.
पाचोळा संपतो आणि माती सुरू होते
त्या ओलसर फटीत आडवी पसरलेली.
मुळात बुरशीचे धागे शिरलेले.
ते लांबून अमोनियम आणतात, कणाकणानं,
आणि साखर मोजून घेतात. फुकट काही नाही तिथंही.

मी सुईनं मातीत जड नत्र सोडलं,
पंधराचं; नेहमीचं चौदाचं नव्हे.
पाण्याचा कॅन घेऊन धाकलू येडगे उभा होता.
"झाडाला इंजेक्शन?"
"झाडाला नाही, मातीला."
"मातीला काय झालंय?"
याचं उत्तर अर्जात नव्हतं.

सातवा चौकोन कंट्रोलचा. त्यात नुसतं पाणी.
सपाट होता, डबा उघडून जेवायला बरा,
म्हणून निवडला.
(शोधनिबंधात मी 'यादृच्छिक' असं लिहिलंय.)

आठवड्यानं पानं कापली,
कराडला पासष्ट अंशांवर वाळवली,
खलात घोटून पीठ केलं,
कथलाच्या टिकलीएवढ्या पुड्यांत बांधून पाठवली.
दिवाळीचा फराळ संपला तेव्हा आकडे आले.

बाकीचे कंट्रोल असावेत तसे.
सातव्यातले नेचे जड.
सुई टोचलेल्यांइतके नाहीत,
पण शेजाऱ्यांहून नक्की जड.
वही तीनदा चाळली. पुड्यांचे क्रमांक ताडले.
धाकलूनं कॅन बदलला असेल, असंही मनात आलं.
आलं, ते इथं लिहून ठेवते.

पुन्हा वर गेले. विचारलं.
त्यानं कॅन खाली ठेवला.
"हितं आमचं म्हशींचं वाडगं व्हतं की.
ह्या धोंड्यापास्नं त्या गेळ्यापातूर.
अकरा म्हशी. मोरी, बाणी, गवळण...
एक लंगडी व्हती, तिला नावच न्हाई ठिवलं.
मी शेंबडा व्हतो, तवा खाली उतरलो समदी."
पायानं पाचोळा सारला.
दगडाला दाव्याची खाच,
बोट बसेल एवढी, गुळगुळीत.
तिच्यातही एक नेचा, नखाएवढा.

आता आकडे मला वाचता आले.
मुतातलं हलकं नत्र उडून जातं.
गोठ्यात डोळ्यांना झोंबतं ना, तेच ते.
जड त्यातल्या त्यात मागं राहतं.
मातीत, बुरशीत, मग पानात.
आणि पान वाळायच्या आधी नेचा
आतलं नत्र परत ओढून घेतो,
नव्या, मूठ मिटलेल्या कोंबाला देतो.
पडतं ते पुन्हा पाचोळ्यात, पुन्हा धाग्यांत.
चाळीसेक पावसाळे
अकरा म्हशी हाच रस्ता फिरताहेत.

धाकलूनं वाकून एक पान हुंगलं.
"वास न्हाई येत," म्हणाला,
आणि तिथंच बसून राहिला.

मी वहीत लिहिलं: चौकोन सातवा, रद्द.
'रद्द' खोडलं.
पुढं काय लिहायचं सुचेना, म्हणून विचारलं,
लंगडी कुठं बांधायचा?
त्यानं बोट दाखवलं
तिथं माझी पिशवी होती.
मी ती उचलून घेतली.