हवा धरते का बघ

देवळाली कॅम्पच्या भंगारवाल्याकडून
अण्णांनी ही बोट आणली तेव्हा मी सातवीत.
नोटप्रेसचा बोनस, आणि आईला मारलेली एक थाप.
शेवाळी रबर, पोटावर पुसट आकडे,
वास जुन्या टायरचा, रॉकेलचा, कुणाच्या तरी बुटांचा.
"लष्कराची आहे," अण्णा म्हणाले.
"म्हणूनच टाकून दिली," आई म्हणाली.

आता डिसेंबर. जेल रोडच्या सोसायटीची गच्ची,
तोडकरांच्या गोधड्या वाळताहेत, त्यांच्या बाजूला ही फुगते.
पायपंप. फसक्, फसक्.
अण्णांचा गुडघा चाळीसपर्यंत मोजतो,
पुढचे माझे.

वाडग्यात निरम्याचं पाणी, दाढीचा ब्रश.
शिवणीवरून सावकाश,
तान्ह्याच्या मानेच्या वळ्या धुवाव्यात तसा.
मग थांबायचं.
खोटे बुडबुडे लगेच फुटतात.
खरा जागा सोडत नाही, वाढतो,
त्याला मोहरीएवढी भावंडं होतात.
त्यांच्याभोवती बॉलपेनने गोल.

अण्णांना फुसफुस ऐकू येत नाही.
एकतीस वर्षं नोटांच्या मशीनपाशी,
कान तिथेच जमा केले.
म्हणून ते वरचा ओठ ओला करतात
आणि रबरापासून बोटभर अंतरावर फिरवत नेतात.
"इथं गार लागतं."
टाकी बघायला आलेला वॉचमन
जिन्यातच थबकतो:
म्हातारा बोटीचे मुके घेतोय.

पॉलिश पेपर. पुसणं. सोल्युशन.
ठिगळ लगेच लावायचं नाही,
बोटाला ओढ लागली पाहिजे, ओल नाही,
हे द्वारकेच्या हनीफ पंक्चरवाल्याने शिकवलेलं.
वरून चहाच्या चमच्याची पाठ, जोर लावून.

एकोणीस ठिगळं आहेत आतापर्यंत.
गंगावऱ्याच्या काठावरची बाभूळ.
बेंडकुळ्यांच्या पोराचा गळ
(मासा नाही, आम्ही लागलो).
आणि दुतोंड्याच्या छातीला पाणी लागलं त्या वर्षीचं हे लांबडं,
सराफ बाजाराच्या तोंडाशी
एक शिलाई मशीन आणि एक बकरी आत घेतली होती.
टोचलं ते मशीन. बकरी शहाणी निघाली.

तरीही तीन दिवस झाले,
संध्याकाळी टणक, सकाळी जांभई दिल्यासारखी.
झडपेला थुंकी लावून पाहिली. झडप निर्दोष.
तळ उलटा केला. तळ निर्दोष.
राहिलं फक्त एक ठिगळ, नाकाडापाशी,
त्यावर माझं बाळबोध अक्षर:
"पंक्चर नं. १. मीच काढले."
ब्रश तिकडे वळला की अण्णा म्हणायचे,
तो नको, तो पक्का आहे.
तिन्ही दिवस म्हणाले.

आज ते चहाला खाली गेले तेव्हा
मी कडेला पाणी लावलं.
एका कोपऱ्याखालून, अगदी सावकाश,
बुडबुडा.

ते वर आले. पाहिलं. कप कठड्यावर ठेवला.
"तेव्हा सोल्युशन धड मिळायचं नाही गं,"
म्हणाले, आणि नखाने
ठिगळ सोलायला स्वतःच बसले.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला मी गच्चीवर.
अंगठा दाबला. खड्डा पडला.
मी तिच्यावर लाथ उगारली, खोटं कशाला सांगू.
अण्णा मफलर गुंडाळत आले,
"थंडी आहे. हवा पण अंग चोरते.
ऊन येऊ दे."

ऊन आलं, आधी टाकीवर, मग गोधड्यांच्या दोरीवर,
नऊच्या सुमाराला बोटीच्या डाव्या कुशीवर.
सुरकुती एकेक करून गेली.
अण्णांनी टिचकी मारली, माझ्याकडे पाहिलं.
"वाजते?"
"वाजते."

वल्ह्याच्या कडीखाली अजून एक आहे, बारीक.
मी गोल काढून ठेवलाय.
दुपारी बघू.